भूस्थानिक कृत्रिम बुद्धिमत्ता आणि भंडारा जिल्हा

भूस्थानिक कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे उपग्रहचित्रे, नकाशे, पर्जन्य व नदीपातळीच्या नोंदी, पीक-सर्वेक्षणे आणि स्थळनामे असलेला मजकूर यांवरून भूपृष्ठाविषयी अनुमान काढणाऱ्या संगणकीय पद्धतींचा समूह होय. भूगोल, दूरसंवेदन आणि संगणकशास्त्र या तिन्ही शाखांशी तिचा संबंध आहे. भूमी-आच्छादनाचे नकाशे, जलसाठ्यांची मोजणी, पीक-उत्पन्नाचा अंदाज, पूरसूचना, वणव्यांचा शोध आणि वन्यप्राण्यांची गणना ही तिच्या वापराची प्रमुख क्षेत्रे आहेत.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला भंडारा जिल्हा 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जातो. तलाव, धानाच्या बांध्या, नदीकाठची सखल जमीन आणि जंगल ही चारही येथे इतकी एकमेकांत मिसळलेली आहेत की, या पद्धतींचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही एकाच तालुक्यात पाहावयास मिळतात. नकाशातील चूक येथे केवळ शास्त्रीय चूक राहत नाही. तलाव नकाशावर आहे की नाही, त्यात पाणी आहे की पीक, बांधीतील धान उभे आहे की गेले, या प्रश्नांच्या उत्तरांवर मासेमारी, सिंचन आणि नुकसानभरपाई अवलंबून असते.

पार्श्वभूमी

भूगोलात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याची कल्पना अलीकडची नाही. टेरेन्स स्मिथ यांनी १९८४ मध्ये आणि हेलन कुक्लेलिस यांनी १९८६ मध्ये या विषयावर स्वतंत्र लेख लिहिले. स्टॅन ओपनशॉ व ख्रिस्तीन ओपनशॉ यांचा 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स इन जिऑग्रफी' हा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळातील पद्धती मुख्यतः तज्ज्ञांनी आखून दिलेल्या नियमांवर चालत. आजच्या पद्धती उदाहरणांवरून शिकतात. माणसांनी 'हे पाणी', 'हे पीक', 'हे जंगल' अशी नावे दिलेले हजारो चित्रतुकडे प्रारूपाला दाखवले जातात आणि त्यावरून ते न पाहिलेल्या चित्रांतील वस्तू ओळखू लागते. त्यामुळे नाव देणारा कोण आणि त्याने कोणता प्रदेश पाहिला आहे, हा प्रश्न आता पद्धतीच्या केंद्रस्थानी आला आहे.

भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १९८८ मध्ये अवकाशात गेला आणि इस्रोचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यावरील अनेक निर्बंध उठवले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. जागतिक पातळीवर युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २०१६ मध्ये लँडसॅट चित्रांवरून १९८४ पासूनच्या भूपृष्ठीय पाण्याचा नकाशा प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये गूगल व वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट यांचा 'डायनॅमिक वर्ल्ड' हा दहा मीटर विभेदनाचा, सतत अद्ययावत होणारा भूमी-आच्छादन नकाशा आला. ऑगस्ट २०२३ मध्ये नासा व आयबीएम यांनी 'पृथ्वी' नावाचे पायाभूत प्रारूप सर्वांसाठी खुले केले. नाव संस्कृत असले, तरी त्याची पहिली आवृत्ती अमेरिकेच्या भूभागाच्या चित्रांवर शिकलेली होती. डिसेंबर २०२४ मधील दुसऱ्या आवृत्तीत जगभरातील चित्रांचा समावेश झाला.

जागतिक व्याप्तीच्या अशा नकाशांत भंडारा जिल्हाही येतो. साकोलीतील एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या गावाचा मागील काही वर्षांचा भूमी-आच्छादनाचा इतिहास आज विनामूल्य पाहता येतो. पंचवीस वर्षांपूर्वी ही सोय मोठ्या संशोधन संस्थांनाही सहज उपलब्ध नव्हती.

मालगुजारी तलाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. बोलीत त्यांना 'मामा तलाव' असे संक्षिप्त नाव आहे. यांपैकी बरेच तलाव गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधले, असे परंपरा सांगते. रॉबर्ट व्हेन रसेल यांनी संपादित केलेल्या १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमध्येही कोहळ्यांच्या तलावबांधणीची दखल आहे. उताराला आडवी मातीची पाळ, जास्तीचे पाणी जाण्यासाठी सांडवा आणि खालच्या बांध्यांकडे जाणारे पाट अशी या तलावांची साधारण रचना असते. एका तलावाचे सांडव्याचे पाणी पुष्कळदा खालच्या तलावात जाते. त्यामुळे त्यांचा विचार सुटा न करता साखळी म्हणून करावा लागतो. याहून लहान, बहुधा एका-दोघांच्या शेतापुरत्या साठ्याला 'बोडी' म्हणतात.

मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तो १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले. गावकऱ्यांचे पाण्यावरील पूर्वापार हक्क मात्र निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजांत नोंदलेले राहिले. हे तलाव आज सिंचन, गुरांचे पाणी, मासेमारी, शिंगाडा व कमळकंद यांसाठी वापरले जातात. मासेमारी मुख्यतः ढिवर समाजाच्या हाती असून ती सहकारी संस्थांच्या माध्यमातून ठेक्याने चालते.

पाणी दिसणे आणि तलाव दिसणे

उपग्रहचित्रात पाणी ओळखणे सोपे समजले जाते. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून त्या चित्रात ते काळे दिसते. भंडाऱ्यात मात्र तीन अडचणी येतात.

पहिली अडचण ढगांची आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तलाव भरत असतानाच प्रकाशीय उपग्रहाला खाली ढग दिसतात. यावर रडार उपग्रह हा उपाय आहे. रडारलहरी ढगांतून पार होतात आणि संथ पाण्यावरून परावर्तित होऊन दुसरीकडे निघून जातात. म्हणून रडारचित्रातही पाणी काळे उमटते. युरोपचा सेंटिनेल-१ आणि ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला नासा व इस्रो यांचा संयुक्त निसार हे या प्रकारचे उपग्रह आहेत.

दुसरी अडचण धानाची. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या वेळी बांध्यांत पाणी साचवलेले असते. त्या दिवसांत रडारला लाखांदूर तालुक्यातील पाण्याने भरलेली बांधी आणि तिच्या वरच्या अंगाचा तलाव जवळजवळ सारखेच दिसतात. त्यामुळे एका दिवसाच्या चित्रावरून निर्णय घेता येत नाही; संपूर्ण हंगामाची मालिका पाहावी लागते. धान वाढू लागले की बांधी उजळत जाते, तलाव मात्र काळाच राहतो. कालक्रमातील असा बदल ओळखणे हे यंत्र-शिक्षणाचे खरे बलस्थान आहे. एका जिल्ह्यातील हजारो जागांची, प्रत्येकी तीस-चाळीस चित्रांची अशी तुलना माणसाला डोळ्यांनी करणे शक्य नाही.

तिसरी अडचण मात्र या उपायालाही चकवते. भंडाऱ्यातील अनेक तलावांत पाणी उघडे नसते. काहींत कमळ, देवधान व इतर स्थानिक पाणवनस्पती असतात; काहींत बेशरम वा जलकुंभी माजलेली असते. वनस्पतींनी झाकलेला तलावही हंगामात उजळत जातो आणि यंत्राला तो शेत वाटू शकतो. 'डायनॅमिक वर्ल्ड'च्या नऊ वर्गांमध्ये 'पाणी', 'पीक' आणि 'पाण्यात बुडालेली वनस्पती' असे तीन वेगळे वर्ग आहेत. भंडाऱ्यातील एकच तलाव वर्षभरात या तिन्ही वर्गांतून फिरून येऊ शकतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर गाळपेर होते, तेव्हा तो खरोखरच शेत असतो. मे महिन्याचे चित्र पाहून तलावावर अतिक्रमण झाले असा निष्कर्ष काढला, तर तो कधी बरोबर ठरेल, कधी साफ चुकेल. गाळपेर परवानगीने झाली की पाळ फोडून कायमची शेती केली, हे चित्रात उमटत नाही.

वनस्पतींच्या बाबतीत आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवर समाजाच्या सहभागाने बेशरमसारख्या वनस्पती काढून त्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे काम करते. मासे स्थानिक पाणवनस्पतींच्या आश्रयाने वाढतात आणि पक्षीही तेथे येतात. आकाशातून दोन्ही हिरवेच. मासेमाराच्या दृष्टीने एक हिरवळ संपत्ती आहे, दुसरी संकट. हा भेद शिकवायचा असेल तर शिकवणारी व्यक्ती तलावात उतरणारी असावी लागते, आणि जागतिक प्रारूपांच्या प्रशिक्षणात अशी व्यक्ती सहसा नसते.

लहान साठ्यांचे काय होते

अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राने २०११ मध्ये प्रकाशित केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा आकारासह दाखवल्या आहेत. त्याहून लहान ५,५५,५५७ जागा केवळ ठिपक्यांनी दर्शवल्या. २.२५ हेक्टर ही मर्यादा निसर्गातून आलेली नाही. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १५० मीटर लांब व तितकीच रुंद जागा तीन मिलिमीटरच्या चौकोनाएवढी होते. त्याहून लहान आकार रेखणे व्यवहार्य नसल्याने ही रेषा आखली गेली.

पुढे या आकड्याला कायदेशीर वजन आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये याच २,०१,५०३ जागांना पाणथळविषयक नियमांच्या तत्त्वांचे संरक्षण देण्याचा आदेश दिला. नकाशा काढण्याच्या सोयीसाठी घेतलेली मर्यादा अशा रीतीने संरक्षणाची मर्यादा झाली. मामा तलावांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे, कारण २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी बांधलेल्या मानवनिर्मित साठ्यांना पाणथळाच्या व्याख्येतून वगळले आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी बांधलेल्या व आज कमळांनी भरलेल्या तलावाला मानवनिर्मित साठा म्हणावे की पाणथळ, हा वाद कोणतेही प्रारूप सोडवू शकत नाही. तरी प्रत्येक वर्गीकरण त्यातील एक बाजू नकळत घेत असते.

जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेत देशातील २४,२४,५४० साठे नोंदवले गेले. ती जागेवर जाऊन केलेली गणना होती, म्हणून तिचा आकडा नकाशासंग्रहापेक्षा कितीतरी मोठा आहे. दोन्हींतील तफावत म्हणजे कोणाची तरी चूक असे नव्हे. 'साठा' या शब्दाची व्याख्याच वेगळी आहे.

आता दहा मीटरच्या चित्रांमुळे लहान साठेही दिसू लागले आहेत. तरी अर्ध्या हेक्टरची बोडी अशा चित्रात साधारण सात बाय सात, म्हणजे ४९ पिक्सेलांची होते. त्यांपैकी २४ पिक्सेल काठावरचे असतात. त्यांत थोडे पाणी, थोडी पाळ, थोडे झाड असते. जवळजवळ अर्धी बोडी अशा प्रकारे संदिग्ध राहते. पाळेवर आंब्या-मोहाची मोठी झाडे असतील तर आणखी काही पिक्सेल सावलीत जातात.

आकडेवारीतील एक सापळा येथे सांगणे आवश्यक आहे. समजा, एखाद्या तालुक्याच्या तीन टक्के क्षेत्रावर पाणी आहे. 'येथे कोठेही पाणी नाही' असे सांगणारे निरुपयोगी प्रारूपही त्या तालुक्यात ९७ टक्के 'अचूक' ठरेल. म्हणून एकूण अचूकतेचा आकडा फारसे काही सांगत नाही. प्रत्यक्ष तलावांपैकी किती सापडले आणि सापडलेल्यांपैकी किती खरे निघाले, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. दुसरा सापळा भूगोलाचा स्वतःचा आहे. जवळच्या गोष्टी दूरच्या गोष्टींपेक्षा एकमेकींशी अधिक साम्य राखतात, हे वॉल्डो टॉब्लर यांनी १९७० मध्ये सूत्ररूपाने मांडले. पवनी तालुक्यातील तलावांवर शिकवलेले प्रारूप पवनीतच तपासले, तर निकाल फुगलेला येतो. त्याची कसोटी तुमसरमध्ये घ्यावी लागते, जेथे डोंगर आहेत आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींचा परिसरही आहे. खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणीसुद्धा चित्रात पाणीच असते.

शिवाय चित्रात पृष्ठफळ दिसते, खोली दिसत नाही. गाळ भरलेला तलाव सप्टेंबरमध्ये पूर्वीइतकाच विस्तीर्ण दिसतो आणि जानेवारीत कोरडा पडतो. तो किती लवकर आटतो यावरून गाळाचा अंदाज बांधता येतो आणि गाळ काढण्याच्या कामांचा क्रम ठरवण्यास अशा याद्यांचा निश्चित उपयोग आहे. मात्र तलाव लवकर रिकामा होण्याचे कारण गाळ आहे, फुटकी पाळ आहे की खालच्या शेतकऱ्यांनी उन्हाळी धानासाठी उपसलेले पाणी, हे गावात विचारल्याशिवाय कळत नाही.

धानाचे उत्पन्न व विमा

धान हे जिल्ह्याचे मुख्य पीक आहे. पऱ्हे टाकून रोवणी करणे ही मुख्य पद्धत असली, तरी काही ठिकाणी आवत्या पद्धतीने थेट पेरणी होते. हलके, मध्यम व भारी धान वेगवेगळ्या वेळी पिकते. त्यामुळे एकाच शिवारात ऑक्टोबरमध्ये काही बांध्या पिवळ्या, काही हिरव्या व काही कापलेल्या असतात. धान उभे असतानाच त्यात लाखोळी टाकण्याची प्रथा आहे; कापणीनंतर ती बांधी पुन्हा हिरवी होते. बाहेरच्या प्रदेशात शिकलेल्या प्रारूपाला ती पडीक जमिनीवरील तण वाटल्यास नवल नाही.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरीप हंगामापासून 'येस-टेक' ही पद्धत आली. धान व गहू यांच्या उत्पन्नाचा अंदाज ठरवताना तंत्रज्ञानाधारित अनुमानाला किमान ३० टक्के भारांक देण्याची तरतूद तीत करण्यात आली. उर्वरित भार पीक कापणी प्रयोगांवर राहिला. यामागील कारण समजण्याजोगे आहे. कापणी प्रयोग मोजके असतात, त्यांना उशीर होतो आणि त्यांत फेरफार झाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. उपग्रहाचे अनुमान वेगाने मिळते व प्रत्येक मंडळासाठी एकच मापदंड लावते.

परंतु भंडाऱ्यातील नुकसानीचे काही प्रकार आकाशातून दिसतच नाहीत. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असताना अवकाळी पाऊस आला, तर धान भिजते, कोंब फुटतात, दाणा काळा पडतो. उपग्रहाच्या दृष्टीने पीक निघालेले असते, हंगाम चांगला गेलेला असतो. तुडतुड्यांचा प्रादुर्भाव खोडाच्या बुंध्याशी सुरू होतो. वरून पीक पिवळे-तपकिरी दिसू लागेपर्यंत उपायाची वेळ टळलेली असते. दाणा न भरता लोंब पोकळ राहिली, तरी शेत हिरवेगारच दिसते. सरासरीचा प्रश्नही उरतोच. विमा क्षेत्राची सरासरी बरोबर असली, तरी नदीकाठच्या ज्याची बांधी बुडाली त्याला त्या अचूकतेचा लाभ नाही.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी या दृष्टीने लक्षणीय आहे. शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र व स्थान नोंदवतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर येते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर गावपातळीवरून गोळा झालेली अशी माहिती प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी मौल्यवान आहे. आवत्या, रोवणी, लाखोळी असे भेद तिच्यात सातत्याने नोंदले गेले, तर स्थानिक प्रारूप उभे राहू शकते. घाईने अथवा दुसऱ्याच्या हातून भरलेल्या नोंदी असतील, तर यंत्र त्याच चुका शिकेल.

वैनगंगेचा पूर

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि वरच्या धरणांतून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला मोठा पूर आला व भंडारा शहराचा बराच भाग पाण्याखाली गेला. नदीचा उगम सिवनी जिल्ह्यात आहे व त्याच जिल्ह्यात भीमगड येथे संजय सरोवर धरण आहे. भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला कन्हान वैनगंगेस मिळते आणि त्यानंतर पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. शहर अशा प्रकारे वरची धरणे व खालचे जलाशय यांच्या मध्ये आहे.

गूगलने २०१८ मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने पाटणा परिसरात यंत्र-शिक्षणाधारित पूरसूचनेस आरंभ केला. मार्च २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधानुसार, जेथे नदीमापन केंद्रेच नाहीत अशा खोऱ्यांतही या पद्धतीने काही दिवस आधी पुराचा उपयुक्त अंदाज देता येतो. चुलबंदसारख्या लहान उपनद्यांच्या दृष्टीने ही आश्वासक बाब आहे, कारण कारधा येथे नदीची पातळी नियमित मोजली जाते तशी सोय प्रत्येक नाल्यावर नसते.

वैनगंगेच्या मुख्य प्रवाहाबाबत मात्र पावसाइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे दरवाजे उघडण्याचा निर्णय. प्रारूप पाऊस, उतार व माती यांवरून प्रवाह शिकते. अभियंता किती वाजता किती दरवाजे उचलील हे त्या माहितीत नसते. दोन राज्यांतील पाटबंधारे यंत्रणांनी विसर्गाची माहिती वेळेवर एकमेकांना देणे, ही भंडाऱ्याच्या पूरसूचनेतील सर्वांत निर्णायक कडी आहे, आणि ती संगणकाबाहेरची आहे. ही माहिती मिळाली तर तीच प्रारूपे शहरातील कोणता भाग केव्हा बुडेल हे पुष्कळ नेमकेपणाने सांगू शकतील.

जंगल, कॅमेरे आणि माणसे

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग, कोका अभयारण्य आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग भंडारा जिल्ह्यात येतो. देशपातळीवरील व्याघ्रगणनेत २०१८ पासून कॅमेरा सापळ्यांतील लाखो छायाचित्रांची प्रजातीनुसार विभागणी संगणक करतो. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये वणवा ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित कॅमेरा यंत्रणा बसवण्यात आली. उपग्रहांच्या ३७५ मीटरच्या पिक्सेलांवरून मिळणाऱ्या वणव्याच्या सूचनेपेक्षा ती जलद आहे.

मोहफुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत या भागात आहे. त्यातून वणवे लागतात हे खरे. आगीचा ठिपका मात्र कोणाचेही नाव सांगत नाही, आणि तो नेहमी जवळच्या गावाच्या खात्यावर टाकला जाण्याचा धोका असतो. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील एका संशोधनात, वन्यप्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे व ड्रोन जंगलात जाणाऱ्या स्त्रियांवर पाळतीसारखे वापरले गेल्याचे २०२४ मध्ये दाखवून देण्यात आले. तेंदूपाने व मोहफुलांसाठी पहाटे जंगलात जाणाऱ्या भंडाऱ्यातील स्त्रियांच्या संदर्भातही हा प्रश्न गैरलागू नाही.

पुरावा म्हणून उपग्रहचित्राचे स्थान काय असावे, याचे एक स्पष्ट उत्तर वनहक्क नियमांत २०१२ मध्ये केलेल्या सुधारणेत आहे. त्यानुसार उपग्रहचित्रे व इतर तंत्रज्ञान अन्य पुराव्यांना पूरक ठरू शकतात. त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. तलाव आणि पीक विमा यांच्या बाबतीत इतक्या नेमक्या शब्दांतील तरतूद असती, तर वरील अनेक वाद सौम्य झाले असते.

स्थळनामे आणि भाषिक प्रारूपे

मजकुरातून ठिकाणे ओळखणारी व प्रश्नांना उत्तरे देणारी भाषिक प्रारूपे ही या विषयाची नवी शाखा होय. भंडाऱ्यासाठी अडचण जिल्ह्याच्या नावापासूनच सुरू होते. 'भंडारा' म्हणजे गावजेवण आणि खंडोबाला वाहायची हळदही. 'गावात भंडारा झाला' या वाक्यात जिल्हा नाही, हे यंत्राला संदर्भावरूनच उमगावे लागते. पवनी नावाचे गाव नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्यातही आहे. गोसीखुर्द हे गोसेखुर्द असेही लिहिले जाते. खुर्द-बुजुर्ग अशा जोडनावांची गावे, मुख्य गावापासून दूर असलेले टोले आणि महसुली दप्तरात नाव असूनही वस्ती नसलेली रिठी गावे यांमुळे गोंधळ वाढतो.

कालक्रमाचा घोळ अधिक गंभीर असतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या सर्व ग्रंथांत व गॅझेटियरमध्ये नवेगाव बांध भंडारा जिल्ह्यात आहे, आज तो गोंदिया जिल्ह्यात आहे. जुना मजकूर वाचून शिकलेले प्रारूप दोन्ही काळांतील तलावांची, लोकसंख्येची व क्षेत्रफळाची बेरीज एकत्र करून ठामपणे उत्तर देऊ शकते. अशी उत्तरे ज्ञानकोशांत शिरली की पुढील प्रारूपे तीच वाचून शिकतात, म्हणून मराठी विकिपीडियासारख्या प्रकल्पांत जिल्ह्याच्या आकडेवारीसोबत वर्ष लिहिणे विशेष महत्त्वाचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती, आणि हा आकडा भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सात तालुक्यांचा आहे.

चित्रांचीही बनावट करता येते. वॉशिंग्टन विद्यापीठातील बो झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एका शहराच्या रचनेवर दुसऱ्या शहराचे रूप चढवून खोटी उपग्रहचित्रे तयार केली आणि ती ओळखण्याच्या पद्धतीही मांडल्या. वैनगंगेतील वाळूघाटांचे उत्खनन असो वा तलावावरील अतिक्रमण, चित्र पुरावा म्हणून पुढे येते तेव्हा ते कोणत्या उपग्रहाचे, कोणत्या दिवसाचे आणि मूळ स्वरूपात कोठे उपलब्ध आहे, ही विचारणा त्यामुळे आवश्यक ठरते.

भाषिक प्रारूपांचा सर्वांत अपेक्षित उपयोग कदाचित जुन्या दप्तरांत आहे. निस्तार पत्रके व वाजिब-उल-अर्ज यांत कोणत्या गावाला कोणत्या तलावाचे पाणी, कोणत्या वाटेने व कोणत्या अटीवर मिळत असे, याच्या नोंदी आहेत. हस्तलिखित मराठी ओळखणारी प्रणाली या पानांवर चालवून त्यांची जोड आजच्या गट क्रमांकांशी व दहा मीटरच्या चित्रांशी घालता आली, तर तलावाच्या आकाराबरोबर त्यावरील हक्कांचाही नकाशा तयार होईल. त्यासाठी आधी ती पाने स्कॅन झालेली असावी लागतात, आणि पाळ, पाट, बोडी, निस्तार हे शब्द कोणत्या गावात कोणत्या अर्थाने वापरले जातात हे सांगणारी माणसे सोबत बसलेली असावी लागतात.